दोन पट्टे, एक वाटी

श्रावण सरत आला की आमच्या बगीच्यात फळ गळायला लागतं. इकडे संत्र्याच्या शेताला कोणी शेत म्हणत नाही, बगीचाच म्हणतात. नाव ऐकून पाहुण्याला वाटतं, बसायला बाकं असतील. बाकं नाहीत. झाडांच्या ओळी आहेत, मध्ये गुडघाभर गवत आहे, आणि या दिवसांत अधूनमधून 'थप्' असा एक आवाज आहे. मुठीएवढं हिरवं संत्रं ओल्या मातीवर पडल्याचा. एक पडतं, मग बराच वेळ काही नाही, आणि आपण विसरलो की दुसरं. आज पोळ्याची सुट्टी. सकाळी ओसरीत निवांत चहा घेत होते, तेवढ्यात तो आवाज आला आणि जळक्या रबराचा वास आठवला. दोन गोष्टींचा तसा काही संबंध नाही. पण पाच वर्षांपूर्वीच्या श्रावणात त्या दोन्ही माझ्या डोक्यात एकाच वेळी शिरल्या आणि तेव्हापासून सोबतच राहतात.

मी सौंसरला शाळेत विज्ञान शिकवते. घर आणि बगीचा रामाकोन्याला, त्यामुळे रोज बस. आमचा भाग सीमेपलीकडचा, हिंदी राज्यातला; म्हणून दिवसभर हिंदीत शिकवायचं, घरी बाबांची वऱ्हाडी ऐकायची, आणि लिहायला बसलं की पुस्तकातली मराठी बाहेर काढायची. आमच्या भागातल्या माणसाचं हे असंच. त्याला तीन भाषांत खोटं बोलता येतं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. बाबा कमी बोलतात. मी शाळेतच इतकं बोलून येते की घरी ते बरंच वाटतं.

बाबांच्या न बोलण्याचे दोन भाग आहेत, बांड्याच्या आधीचा आणि बांड्याच्या नंतरचा. बांड्या आणि तांब्या ही आमची बैलांची शेवटची जोडी. बांड्या पोट फुगून गेला. भर दुपारची गोष्ट. ओला चारा जास्त खाल्ला होता. बाबांनी तेल-हिंग पाजलं, पोट चोळलं, 'उतरन आता, उतरन' म्हणत राहिले आणि मला डॉक्टरला फोन करू दिला नाही. शेवटी केला. डॉक्टर आले तेव्हा बांड्या आडवा झाला होता. डॉक्टर काही बोलले नाहीत, बॅग उघडली नाही, नुसते उभे राहिले. बाबाच म्हणाले, "माह्या हाताले यश नाई."

एकट्या तांब्याचं काय करणार? पांढुर्ण्याकडच्या एका नातेवाइकाची जोडी फुटली होती, त्यांना तो देऊन टाकला. टेम्पोत चढताना तांब्यानं मागे वळून वगैरे पाहिलं नाही, सरळ चढला. वळून पाहिलं ते बाबांनी. त्यानंतर त्यांनी कशालाच आपल्या हातानं औषध लावलं नाही. झाडाच्या खोडातून डिंक गळायला लागला की त्यावर मोरचुदाचा निळा लेप लावावा लागतो, ते काम आयुष्यभर त्यांचं, पण आता दुरूनच झाड दाखवायचे आणि म्हणायचे, "तू लाव."

मग मी लहान ट्रॅक्टर आणला. जुनाच. ज्यांच्याकडून घेतला त्यांची संत्र्याची झाडं वाळून गेली होती आणि त्यांना तो डोळ्यांसमोर नको होता. दोन ओळींच्या मधून जाईल एवढीच रुंदी, रंग कधीकाळी लाल. बाबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "डबडं आणलं." दोन वर्षं तेच नाव राहिलं. डबडं झाकलं काय, डबडं सुरू कर, आणि चालता चालता बंद पडलं तर अस्सल वऱ्हाडी शिव्या. त्यांनी त्याला कधी बोट लावलं नाही. गोठ्यात उभा करायला मात्र नाही म्हणाले नाहीत. बांड्याच्या दावणीशी तो उभा राहायचा. चालवायचं काम माझं, शाळेच्या आधी सकाळी आणि रविवारी.

मोठ्या ट्रॅक्टरसारखं याचं नाही. याच्या इंजिनाची ताकद दोन रबरी पट्ट्यांवरून मागे जाते. इंजिनावर एक पुली, गिअरबॉक्सवर दुसरी मोठी पुली, दोन्हींना दोन-दोन खाचा, आणि त्या खाचांतून शेजारी शेजारी पळणारे दोन पट्टे. पट्टे ढिले पडू नयेत म्हणून मध्ये एक बारकी पुली त्यांना दाबून धरते. चाकं फिरतात ती पट्ट्यांच्या जोरावर, फवारणीचा पंप चालतो तोही त्यांच्याच जोरावर. पट्टा घसरला की इंजिन नुसतं ओरडत राहतं आणि काम काही होत नाही. आमच्या स्टाफरूममध्येही अशी एक-दोन इंजिनं आहेत.

त्या श्रावणात गळ सुरू झाली आणि त्याच आठवड्यात पट्टे घसरू लागले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. गळीवरचं औषध वेळेत मारलं नाही तर वर्षाचं फळ मातीत जातं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पंप सुरू केला की आधी किंचाळी, मग काळा भुगा, मग तो जळका वास, आणि फवाऱ्याचं पाणी झाडाच्या निम्म्यापर्यंत जाऊन लाजल्यासारखं खाली. मी सौंसरहून एक नवा पट्टा आणला. एकच, कारण दुसरा बरा दिसत होता. जुना वापरून लांबलेला, नवा आखूड. सगळं ओढायचं काम नव्यानं केलं, जुना नुसता सोबत फिरला, आणि चार दिवसांत नव्याच्या कडा उसवल्या. मग जोडीनं दोन आणले. तेही घसरले. मग स्प्रिंग आवळली, तर बारक्या पुलीचं बेअरिंग खरखरू लागलं. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. त्याच आठवड्यात शाळेत मी आठवीला 'घर्षण' शिकवत होते. मुलांनी फार चांगली उत्तरं दिली.

शेवटी दोन्ही पुल्या खोलल्या, पिशवीत घातल्या आणि पांढुर्ण्याची बस धरली. तिथे नामदेव मिस्त्रींचं लेथचं दुकान आहे. मिस्त्री तिगावचे, रोज रेल्वेनं येतात आणि गाडी उशिरा आली की दिवसभर तिचा राग गिऱ्हाइकांवर काढतात. त्या दिवशी गाडी उशिरा आली असावी. त्यांनी पुली माझ्या हातातून ओढूनच घेतली, दाराच्या उजेडात धरली आणि खाचेत नख फिरवलं.

"मॅडम, खाचीचा तळ पाहा. चमकून राहिला ना?"

"हो. चांगला तं दिसते."

"चांगला नाई, तेच तं बिमारी हाये. पट्टा तळाले टेकलाच नाई पाहिजे. दोन बाजूच्या भिंती असतात ना, त्याहीनं त्याले धरलं पाहिजे. तुमच्या भिंती झिजल्या, पट्टा खाली जाऊन बसला. आता तुम्ही सोन्याचा पट्टा आणा, थो बी घसरन."

मी इतकी वर्षं चमकणाऱ्या वस्तूला चांगली वस्तू समजत आले होते. झिजलेली वस्तूही चमकते, हे पुस्तकात कुठंतरी असायला हवं. कदाचित असेलही, माझ्या वाचनातून सुटलं असेल. मिस्त्रींनी दोन दिवसांत नव्या पुल्या करून दिल्या. बेअरिंग घेतलं, पट्ट्यांची नवी जोडी घेतली, आणि ते ओझं मांडीवर धरून मी घरी आले.

रविवारी गोठ्यासमोर सगळं जोडायला बसले. पट्टा चढवताना स्क्रू-ड्रायव्हर घालून ओढायचा नाही, आतली दोरी तुटते, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. म्हणून इंजिनाचे बोल्ट ढिले करून ते थोडं सरकवलं, पट्टे हातानं बसवले आणि इंजिन परत मागे ओढून घेतलं. अंगठ्यानं पट्टा दाबून पाहिला. बोटभर दबला, म्हणजे बरोबर. आता दोन पुल्या एका रेषेत आहेत का, हे पाहायला सुतळी ताणून धरावी लागते, आणि सुतळीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. बाबा दाराशी उभे होते.

"बाबा, जराशी धरता काय?"

त्यांनी धरली. ट्रॅक्टरला बोटही न लागू देता धरली. त्याला बरंच कसब लागतं. सुतळी नीट बसली. बाबा तिथंच उभे राहिले. मग दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या यंत्राबद्दल प्रश्न विचारला.

"हे काय हाये?"

"पुली. नवी करून आणली."

"काय काम हाये याचं?"

कोणी प्रश्न विचारला की मास्तरीण उभी राहते. मी पाना खाली ठेवला आणि समजावून सांगितलं. "सगळं ओझं इथंच पडते, बाबा. चालाचं बी अन् पंपाचं बी. बैलाचा खांदा असते ना, तसं समजा."

"खांदा," बाबा म्हणाले आणि आत निघून गेले.

मी ते विसरले. शिकवणाऱ्याचं असं होतं. धडा समजावा म्हणून आपण एक दाखला देतो, पुढच्या मिनिटाला विसरतो, आणि ऐकणारा धडा विसरून दाखला घरी घेऊन जातो.

संध्याकाळी पंप सुरू केला. किंचाळी नाही, भुगा नाही, दोन्ही पट्टे एकच पट्टा असल्यासारखे पळत होते आणि पाणी शेंड्यापार गेलं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्यानं हसले. तीन ओळी मारून झाल्या तोवर उजेड संपला. सोमवारी शाळा, मंगळवारी पोळा. म्हटलं, उरलेलं बुधवारी. पट्ट्यांवरची जाळी बसवायची राहिली होती, तीही तेव्हाच बसवू.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू जिथं घासतं तिथली बैलाची कातडी जाड होते, केस उडतात. त्या खांद्याला कोमट तूप आणि हळद लावायची, पळसाच्या पानानं, हळूहळू, जिरेपर्यंत. मग बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.' आवतण म्हणजे जेवणाचं आमंत्रण. बाबा एरवी आईलासुद्धा कधी 'जेवून घे' म्हणाले नसतील. बैलांना मात्र वर्षातून एकदा अहो-जाहो. मी लहानपणी त्या वाटीवर डोळा ठेवून असायची. बैलांचं झालं की उरलेलं तूप बाबा माझ्या हातांना चोळायचे, आणि झोपेपर्यंत माझ्या हातांना सणाचा वास यायचा. दुसऱ्या दिवशी बैलांना जू नाही, शिवी नाही, चाबूक नाही. त्या एका दिवशी आमच्या गावात माणसं कामं करतात आणि बैल पाहतात.

जोडी गेल्यावरचे दोन पोळे आमच्या घरी नुसते आले आणि गेले. पुरण केलं, खाल्लं, भांडी घासली.

त्या वर्षी सोमवारी मी शाळेतून आले, तर बाबा हातपाय धुऊन ओसरीत बसले होते. मंगळवारी म्हणाले, "चार पोळ्या येगळ्या ठेव." ठेवल्या. ताट घेऊन ते गोठ्यात गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसत होतं. त्यांनी ताट ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवलं, हात जोडले, थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. मला म्हणाले, "आज सुरू नोको करू त्याले. पोळ्याले जू नाई लागत."

मी हो म्हटलं आणि तव्याकडे तोंड फिरवलं. तव्यावरची पोळी करपली, ती मी खाल्ली.

बुधवारी सकाळी पंप सुरू केला आणि फवारा आलाच नाही. या वेळी किंचाळीही नव्हती. पट्टे गप्प घसरत होते. रबराचा वास होता, पण त्यात आणखी काहीतरी मिसळलेलं, ओळखीचं, स्वयंपाकघरातलं. मला वाटलं, घरात काही करपतंय. इंजिन बंद करून आत जाऊन गॅस पाहून आले. गॅस बंद होता. परत येऊन पुलीच्या खाचेत पाहिलं, तर पिवळं काहीतरी. गंज असेल, म्हटलं. दोन दिवसांत गंज, तोही हळदीच्या रंगाचा! पण आपल्या हातची दुरुस्ती फसली की माणसाला दुसरं काही दिसत नाही. मी मनातल्या मनात मिस्त्रींना आणि स्वतःला आळीपाळीनं दोष देत होते. मागे झाडांखाली थप् थप् चालू होतं.

बाबा आले. दावणीच्या दगडावर बसले.

"म्या लय शिव्या देल्या त्याले," ते म्हणाले. "दोन वर्सं. आता थो माहं आवतण मानन कशाले?"

मला वाटलं, पुरणपोळीबद्दल म्हणताहेत. मी बारा नंबरचा पाना शोधत होते. त्यांचा चेहरा पाहायला हवा होता, पाहिला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा गोटमारीत असतो, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारत; त्या दिवशी तिथं पट्टा मिळत नाही. गुरुवारी शाळेत सुट्टी टाकून गेले. मिस्त्रींनी पट्टा हातात घेतला, बोटांत दाबला, नाकाशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, याले पुरणपोळी चारली काय?"

"म्हंजे?"

"तूप हाये हे. साजुक. अन् ही हळद. रबराले तूप लागलं म्हंजे पट्टा गेला. फुगते, नरम होते, मंग काय पकडन थो? कोणं लावलं?"

सोमवारची संध्याकाळ, धुतलेले हात, खांदा, आवतण, सगळं एका क्षणात ओळीनं समोर येऊन उभं राहिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. खांदा कुठं आहे, ते बोट ठेवून मीच दाखवलं होतं.

"म्याच लावलं," मी म्हटलं.

"तुम्ही? विज्ञानच्या मॅडम?" त्या दिवशीही गाडी उशिरा आली होती, पण मिस्त्री राग विसरले. ते हसले, शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, तोही हसला. हसू दिलं.

परतीच्या बसमध्ये मांडीवर पिशवी, पिशवीत तुपकट पट्टे. बाहेर कपाशी, मग संत्र्याचे बगीचे, मग पुन्हा कपाशी. सांगायचं तर सोपं होतं. बाबा, रबराला तूप चालत नाही. एका वाक्याचं काम, आठवीच्या पोरालाही पटेल. पण बांड्यानंतर बाबांनी पहिल्यांदा कशाला तरी आपल्या हातानं काही लावलं होतं, आणि नेमकं त्यानंच ते बंद पडलं, हे माझ्या तीन भाषांपैकी कुठल्या भाषेत सांगायचं? मला त्यांच्या रागाची भीती नव्हती. ते पुन्हा हात मागे घेतील आणि या वेळी कायमचा घेतील, याची होती. सौंसरला बस बदलेपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. रामाकोन्याला उतरले तेव्हाही नव्हतं.

बाबा फाटकाशी उभे होते.

"काय निघालं?"

"पुली वाकडी बसली होती. माहीच चूक."

"बाकी काई नाई?"

"बाकी काई नाई."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि गोठ्यात नेऊन खुंटीला टांगली.

खाचा पेट्रोलनं पुसून काढल्या, नवी जोडी चढवली, जाळी बसवली आणि दोन दिवसांत सगळा बगीचा फवारून झाला. मधल्या दिवसांत गेलं ते फळ गेलंच, कडेच्या ओळींखाली हिरवा सडा पडला होता. उरलेलं झाडानं धरलं. पुढच्या आठवड्यात मी शाळेतून आले, तर विहिरीजवळच्या झाडाच्या खोडाला ताजा लेप होता. लावणारा ओसरीत बसून नखांतला निळा रंग काडीनं काढत होता. मी पाहिलं नाही असं दाखवलं आणि चहा ठेवला. त्या चहाएवढा गोड चहा मी नंतर कधी केला नाही. साखर दोनदा पडली होती.

ते तुपकट पट्टे मी फेकले नाहीत. त्यानंतर दरवर्षी पोळ्याच्या आदल्या दुपारी चांगले पट्टे उतरवून हे जुने चढवायचे, जाळी काढून ठेवायची, आणि बाबांना म्हणायचं, "सर्व्हिसिंग केलं." संध्याकाळी ते वाटी घेऊन जायचे, मी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज करायचे. पोळा झाला की जुने उतरवायचे, खाचा पुसायच्या, चांगले चढवायचे, जुने पिशवीत बांधून गव्हाणीच्या मागे सारायचे. तास-दीड तासाचं काम. चार वर्षं केलं. यात मला फार त्याग वगैरे वाटला नाही. घरात अशी कामं असतातच; कोणी देवाचं तेल संपायच्या आत भरतं, कोणी म्हाताऱ्या माणसाच्या घड्याळाला गुपचूप सेल घालतं. शाळेत मी दरवर्षी शिकवते की तेल-तुपानं घर्षण कमी होतं. दाखला मात्र दाराच्या बिजागरीचाच देते.

काल माझं गणित चुकलं. सौंसरला प्रशिक्षण होतं, ते लांबलं, आणि सणाची गर्दी म्हणून पहिली बस थांबलीच नाही. रामाकोन्याला उतरले तेव्हा उन्हं कलली होती. चांगले पट्टे ट्रॅक्टरवरच होते. बगीच्याच्या दोन फवारण्या बाकी, आणि घरात बाबांच्या हाती वाटी. या वयात मी रस्त्यावरून धावत गेले. दोन विद्यार्थ्यांनी नमस्ते केलं, ते तसंच हवेत राहिलं.

बाबा दावणीच्या दगडावर बसले होते. पायाशी तुपाची वाटी, पळसाची पानं. ट्रॅक्टरची जाळी काढून भिंतीला लावलेली. आणि समोर, गोणपाटावर, गव्हाणीच्या मागे मी लपवलेले ते जुने पट्टे, पुसून ठेवलेले.

"आली काय?" बाबा म्हणाले. "हे चढव बाप्पा पहले. मी कवाचा बसून राहिलो. तूप थिजलं सारं."

मी धापा टाकत होते, त्यामुळे थोडा वेळ मिळाला.

"तुम्हाले कवापासून माहीत हाये?"

"पहल्याच सालापासून. तू पांढुर्ण्याहून आली तं पिशवी कोणं टांगली होती? तुपाचा वास मले नाई समजत काय?"

"मंग बोलले कावून नाई?"

"तू तरी कुठी बोलली?"

मी पाना घेतला आणि बोल्ट ढिले करायला बसले. इंजिन सरकेना, तर बाबांनी मागून खांदा लावून रेटलं. जुने पट्टे बसले. मला पाहवेना त्यांच्याकडे, म्हणून मी पुलीकडे पाहत म्हटलं, "मले वाटलं, तुम्हाले वाईट वाटन. बांड्याच्या टायमासारखं."

बाबा वाटी घेऊन आत गेले, तूप कोमट करून आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "बांड्या गेला तवा डॉक्टर गप्प राहिला, तू बी गप्प राहिली. साऱ्याईले माहीत होतं, चूक माही हाये. या येळी तू म्हणली, माही चूक. कोणी असं म्हणलं म्हंजे माणसाले पुन्हा हात लावाची हिंमत होते."

मग त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. वाटी थरथरत होती, तूप काठाशी येऊन परत जात होतं. गेल्या वर्षीपर्यंत त्यांचा हात असा हलत नव्हता, की मी स्वयंपाकघरात भांडी वाजवत बसल्यामुळे मला दिसला नव्हता, कोण जाणे.

"यंदा तू शेक," ते म्हणाले.

मी पळसाचं पान घेतलं, तुपात बुडवलं आणि पुलीवरून फिरवलं, पट्ट्यांच्या कडेनं, हळूहळू. बाबा शेजारी उभे होते आणि त्यांचा एक हात बोनेटवर होता. रबराला तूप जिरत नाही. तरी पान कोरडं होईपर्यंत मी फिरवत राहिले.

"आता सांग त्याले," बाबा म्हणाले.

मी वाकले. कान कुठं असावा, हे मला ठरवता येईना, म्हणून पुलीशीच तोंड नेलं. आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. आवाज वर्गात निघतो तसाच निघाला, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "हळू बोल," ते म्हणाले. "म्हातारा हाये थो."